आतोबांची तुराटी

लग्नं जुळवणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात. पण मोडायला आलेलं लग्न हातात धरून, वाटेत सांडू न देता, एसटीनं धाराशिवपर्यंत आणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे आतोबा. माझ्या आत्याचे यजमान, मुक्काम तेर, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मी धाराशिवला वकिली करते आणि बहुतेक नवरा-बायकोचेच खटले चालवते. हे काम करणाऱ्या माणसाला दुपारी चारनंतर कुणाच्याही लग्नाविषयी काही ऐकवत नाही, स्वतःच्यासुद्धा. नेमक्या त्याच वेळी जिन्यावर चपला वाजायच्या, खालून खणखणीत आवाज यायचा, "चला, वर सरका, वर सरका, जिन्यात हुबं राहू नका," आणि मी कपाळाला हात लावायची. आतोबा आणखी एक जोडपं घेऊन आलेले असायचे.

जोडपं आणण्याची त्यांची रीत ठरलेली होती. बाईला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवायचं, बाप्याला अगदी शेवटच्या आडव्या बाकड्यावर, आणि आपण मधे दांडीला धरून उभं राहायचं. गाडी रिकामी असली तरी उभं राहायचं. सासू, आई, मेहुणा, थोरला भाऊ यांना गाडीत प्रवेश नाही. "भांडण दोघांचं हाय ना? मग पाशिंजर बी दोनच," असं म्हणून त्यांनी भल्याभल्या सासवांना तेरच्या स्टँडवर उतरवून ठेवलं होतं. एकदा वाटेत खड्ड्यानं असा हिसका बसला की मागच्या बाकड्यावरचा नवरा उडून त्याचं डोकं टपाला लागलं. पुढून बायको नकळत ओरडली, "लागलं का वो?" झालं! आतोबांनी तिथंच गाडी थांबवायला लावली, दोघांना खाली उतरवलं आणि रस्त्याच्या पलीकडून येणाऱ्या गाडीत घालून माघारी नेलं. मला फोन आला, "वकीलबाई, आजची फेरी रद्द." मी त्या दोघांसाठी दुपारभर वाट पाहत बसले होते. चिडावं की हसावं हे कळण्याइतकीही ताकद माझ्यात उरली नव्हती.

येताना त्यांच्या पिशवीत उकडलेल्या शेंगा असायच्या. त्यांचं म्हणणं असं की शेंगा सोलणाऱ्या माणसाला हात उगारता येत नाही. नवरा-बायको दोघांपुढं शेंगांचा ढीग ठेवायचा, आणि मग बोलायला सांगायचं. बोलण्याचे नियमही कंडक्टरचेच. आतोबांनी टेबलावर बोटाच्या पेरानं एकदा टक केलं की बोलणारानं थांबायचं, दोनदा टक टक केलं की पुढं चालू करायचं. गंमत म्हणजे माणसं थांबायची. मी एवढी सनद घेऊन बसलेली, पण माझं कुणी ऐकत नसे. आणि एका टकासरशी तावातावानं बोलणारा गडी तोंडातली शेंग तशीच ठेवून गप्प व्हायचा. या जिल्ह्यातल्या माणसांच्या अंगात एसटीची घंटा किती मुरलेली आहे ते मला तेव्हा कळलं. टरफलं मात्र सगळी माझ्या फायलींत सापडायची.

मग आतोबा कायदा सांगायचे. माझ्या देखत, माझ्याच हापिसात, माझ्या आधी. "हे बघा, दोघं राजी आसले तर ती थेट गाडी. परस्पर संमती. मधी थांबा एकच, सहा म्हैन्याचा. तितं खाली उतरा, च्या प्या, इचार करा, वाटलं तर माघारी फिरा. दोघातलं एकच राजी आसंल तर साधी गाडी. दर खेड्याला थांबती, अन् दर थांब्याला तारीख. अन् मोडायचं बी न्हाई आन नांदायचं बी न्हाई, आसं आसंल तर गाडी डेपोत हुबी. रद्द न्हाई, पर चालत बी न्हाई." मी थकल्या आवाजात सांगायची, "आतोबा, त्याला न्यायिक विभक्तता म्हणतात. त्यात लग्न कायम राहतं, एकत्र राहायचं बंधन तेवढं सुटतं." ते मान डोलवायचे, "तेच की. डेपो." एखादी बाई घाबरत घाबरत पोटगीचं विचारायची, तर ते म्हणायचे, "त्याला फारकतीपत्तुर थांबायचं कारण न्हाई बाई, गाडी कंची बी आसू द्या." आणि लेकरांचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली यायचा. "लेकरू म्हंजे सामान न्हाई, ह्यानं उचललं का त्यानं उचललं म्हणायला. लेकरू पाशिंजर हाय. त्याला इच्चारायचं, बाबा, तुला खिडकी कुनाकडची पायजे." एवढ्यावरच ताबा ठरत नाही, त्याच्या भल्याचा सगळा विचार कोर्ट करतं, हे मी जोडायची, पण तोपर्यंत सगळे खिडकीपाशीच अडकलेले असायचे.

एकदा त्यांनी उमरग्याची एक मुलगी आणली, मांडीवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. पाशिंजर दोनच हा आतोबांचा नियम मोडून ती बाळासकट पुढच्या बाकावर, आणि मागच्या बाकड्यावर हायवेला ट्रक चालवणारा एक पोरगा. दोघं दोन वर्षं एका खोलीत राहिली होती, लग्न केलं नव्हतं, आता पटत नव्हतं. पोरगा माझ्यासमोर खुर्चीत आरामात मागं रेलून म्हणाला, "आमचं लगीनच झालेलं न्हाई मॅडम. मग माझा काय संबंध?" मी समजावून सांगितलं की आईबापाचं लग्न झालेलं नसलं तरी लेकराच्या पोषणाची जबाबदारी बापाची सुटत नाही, जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव लागू शकतं, अशा लेकराची पहिली पालक आई असते आणि बापाला भेटायचं असेल तर त्यालाही मार्ग आहे. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं. आतोबांनी एकदा टक केलं. मीच गप्प बसले. ते त्या पोराला म्हणाले, "तिकीट तुमी दोघांनी काढलं न्हाई. लेकराला कशापायी खाली उतरवतूस? मांडीवरच्या लेकराला तिकीट लागत नसतंय." पोरगा बराच वेळ शेंग सोलत राहिला. मग त्यानं दाणा दातानं बारीक करून बाळाच्या ओठाला लावला, आणि ती मुलगी एकदम ओरडली, "आवं, अजून शेंगा नसत्यात द्यायच्या!" लग्न त्यांनी पुढंही केलं नाही. पण दाखल्यावर बापाचं नाव लागलं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आतोबा पहिल्यापासून कायद्याचे मोठे भक्त. तर तसं काही नाही. एके काळी त्यांच्याइतका कोर्टाचा तिटकारा साऱ्या पंचक्रोशीत कुणाला नव्हता. आमच्याकडं काडीमोडीची जुनी रीत होती. दोन्हीकडची माणसं बैठकीला बसायची, काडीचं एक टोक नवऱ्याच्या बाजूनं धरायचं, दुसरं बायकोच्या, आणि पंचांनी मधे मोडायची. काडी मोडली की संसार मोडला; दोघं आपापल्या वाटेनं मोकळी. त्या बैठकांना आतोबांचा मोठा मान. काडी निवडून आणायचं काम त्यांच्याकडं असे, आणि काडी म्हणजे तुराटीच, तुरीच्या झाडाची, वाळलेली, अंगठ्याएवढी जाड. "बारकी काडी वाकती, तुटत न्हाई. मग लोकाच्या मनात ऱ्हातं," असं ते म्हणायचे. कुणी कोर्टाचं नाव काढलं तर हसायचे. "कोरटात दहा वर्षं. आमच्यात दहा मिंटं."

आणि मग त्यांच्या घरातच बैठक बसायची वेळ आली. त्यांची एकुलती एक लेक, माझी आतेबहीण शालू, उमरग्याला दिली होती. नवरा पिणारा. दोनदा समजूत घालून परत पाठवली, तिसऱ्यांदा आली ती डाव्या कानावर रुमाल दाबून. त्या कानानं तिला पुढं कधी ऐकू आलं नाही. त्या बैठकीत काय झालं ते आम्हाला घरात एवढंच माहीत होतं की काडी मोडली आणि शालू मोकळी झाली. पुढं चार वर्षांनी ढोकीच्या एका माणसाशी तिचा पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं. कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर होता त्याचा. मुलगी झाली, संसार बरा चालला होता. मुलगी दहावीला गेली आणि त्या माणसानं दुसरं घर केलं. शालू मुलीला घेऊन तेरला आली. मी तिच्या वतीनं पोटगीचा अर्ज केला, तर त्याचं उत्तर आलं: मुलगी माझी आहे, मुलीला देईन, पण ही बाई माझी बायको कधीच नव्हती. हिचं पहिलं लग्न कोर्टात मोडलेलंच नाही. काडी मोडल्यानं लग्न मोडतं काय?

हे उत्तर मी हापिसात आतोबांना वाचून दाखवलं. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या पोरीचा आर्धा जलम कोन म्हनून गेला?" मी फक्त कायदा सांगितला. समाजात फारकतीची जुनी रीत असेल तर कायदा ती मानतो; पण ती रीत खरोखर आहे, आणि ती रीतसर पाळली गेली, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. त्या दिवसापासून त्यांनी लोकांची लग्नं माझ्याकडं आणायला सुरुवात केली. गावात कुणी बैठकीची भाषा काढली की हे पिशवी घेऊन दारात हजर. "काडीला काय किंमत न्हाई. आदी आमच्या वकीलबाईला इच्चारा." शालूचा खटला तारखांमागून तारखा चालत होता, आणि आतोबांच्या फेऱ्याही.

आता यातला पेच बघा. शालू बायको ठरायची तर तिची काडीमोड खरी ठरायला हवी होती, आणि ती खरी ठरवायला साक्षीदार हवा होता तो काडीमोडीतला जाणता. जुने पंच देवाघरी गेलेले. उरले आतोबा. म्हणजे गावभर काडीला शिव्या देत फिरणाऱ्या माणसानं कोर्टात शपथेवर सांगायचं की काडी हीच आमची खरी रीत. मी त्यांना पढवलं नाही, पण दहादा बजावलं, "आतोबा, विचारलं तेवढंच बोला. एक शब्द जास्त नको." ते म्हणाले, "म्या काय लई बोलतो व्हय?"

साक्षीची सुरुवात झकास झाली. रीत कशी, कुणाकुणाच्या घरी पाळली, आजोबांच्या काळापासून कशी चालत आली, सगळं त्यांनी खणखणीत सांगितलं. समोरच्या वकिलांची उलटतपासणी सुरू झाली. एक प्रश्न फार लांबला तसं आतोबांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर एकदा टक केलं, आणि काय सांगू, वकीलसाहेब खरंच थांबले. न्यायाधीशांनी वर पाहिलं. "काय झालं?" आतोबा वरमून म्हणाले, "काई न्हाई साहेब. सवय." सगळं कोर्ट हसलं. मीही हसले. ते त्या दिवसाचं शेवटचं हसणं.

"तुमच्या मुलीच्या बैठकीत काडी पंचांनीच मोडली ना?" वकिलांनी विचारलं.

एक 'व्हय' पुरे होतं. खोटं ठरवायला पंचांतलं कुणी जिवंत नव्हतं, आणि उमरग्याचा माणूस काही कोर्टात येणार नव्हता. आतोबांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाकडं पाहत राहिले. मग त्यांनी शालूकडं पाहिलं.

"न्हाई साहेब. म्या मोडली."

"बापानं काडी मोडायची रीत आहे का तुमच्यात?"

"न्हाई. बाप मोडत नसतो."

"मग तुम्ही का मोडलीत?"

"पंच म्हनले, आजून येक दिवाळी बगू. साहेब, पोरीचा येक कान गेल्ता. दिवाळीला दुसरा गेला आसता. दुसरं टोक बी कुनी धरलं न्हाई. म्या येकट्यानंच तुराटी मांडीवर घिऊन मोडली, अन् म्हनलं, झालं, जेवून घ्या."

वकिलांनी 'आणखी काही विचारायचं नाही' म्हटलं, कारण त्यांना हवं ते मिळालं होतं. माझं सारं कष्टानं उभं केलेलं प्रकरण त्या चार वाक्यांत कोसळलं. मी आतोबांवर इतकी संतापले की बाहेर आल्यावर त्यांच्याशी धड बोललेही नाही. शालू मात्र बोलली. "आयुष्यात खरं बोलायला दुसरा दिवस नव्हता का तुमाला, आप्पा?" एवढंच म्हणाली आणि स्टँडकडं चालू लागली. मी कोर्टाच्या गॅलरीतून पाहत होते, स्टँड समोरच आहे. तेरची गाडी लागली. ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. आतोबा मागून चढले आणि कुणी न सांगता शेवटच्या आडव्या बाकड्यावर जाऊन बसले. मधे उभं राहायला कुणी नव्हतं.

त्यानंतर कित्येक महिने त्या घरात बाप-लेकीचं बोलणं माझ्या आत्यामार्फत चाले. "आप्पाला म्हनावं, च्या झालाय." "तिला म्हनावं, घितो." आत्या फोनवर मला म्हणायची, "ह्या दोघांची फारकत कर बाई तेवढी, मी मोकळी हुईन." जोडपी येणं बंद झालं. चारनंतरचा माझा जिना शांत असायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला ती शांतता खायला उठायची.

निकाल आला तो निम्मा आमच्या बाजूनं. काडीमोड रीतसर सिद्ध झाली नाही, म्हणून पहिलं लग्न मोडलेलं धरता येत नाही, पण ढोकीच्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं, ठाऊक असून त्यानं पाट लावला आणि इतकी वर्षं तिला बायको म्हणून नांदवलं, तेव्हा आता त्याला हात वर करता येणार नाहीत, पोटगी द्यावी. मुलीचा हक्क तर कुणी नाकारलाच नव्हता. मी खूश होऊन शालूला फोन केला. ती म्हणाली, "म्हंजे, ताई, मी अजून बी उमरग्याचीच का?" कायद्यानं ते तसंच होतं. ज्या माणसानं तिचा कान घालवला, त्याचीच ती कागदोपत्री बायको होती, आणि तो माणूस तिकडं दुसरं लग्न करून नातवंडांची वाट पाहत होता.

मार्ग एकच होता, आणि त्याला आतोबा थेट गाडी म्हणायचे. पण दोघं राजी हवेत. उमरग्याला कोण जाणार? मी पत्र पाठवू म्हटलं. आतोबा उठून निघून गेले. पुढं अर्जाच्या दिवशी ते त्या माणसाला घेऊन आले. त्याला शेवटच्या बाकड्यावर बसवलं होतं, आणि स्वतः उमरग्यापासून धाराशिवपर्यंत उभ्यानं आले होते, सत्तरी उलटलेल्या पायांनी. त्याला कसं तयार केलं, काय बोलले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. शेंगांची पिशवी बरोबर नव्हती.

तो माणूस आता माळकरी झालेला, केस पिकलेला, मान खाली. व्हरांड्यात तो शालूच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागला. माफीच मागत असावा. शालू त्याच्याकडं न वळता म्हणाली, "त्या बाजूनं मला ऐकू येत न्हाई," आणि पुढं झाली. मला फार बरं वाटलं, ते सांगून टाकते.

इतकी वर्षं वेगळं राहिल्यामुळं सहा महिन्यांचा थांबाही कोर्टानं माफ केला. दोघांना विचारलं, दोघं 'व्हय' म्हणाले, न्यायाधीशांनी सांगायचं ते सांगितलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. आम्ही बाहेर आलो. आतोबा भिंतीला टेकून उभे होते.

"मोडलं का गं, पोरी?" त्यांनी मला विचारलं.

"मोडलं, आतोबा. आता पक्कं."

त्यांनी कोर्टाच्या दाराकडं पाहिलं. "तुराटी मोडली की कसा आवाज यायचा. समद्या बैठकीला ऐकू जायचा. इतं काईच ऐकू आलं न्हाई."

शालू तोंडावरून पदर फिरवत पुढं आली. मला वाटलं, ती मला काही सांगणार. पण तिनं बापाकडं पाहिलं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा.

"मला आला, आप्पा. तुमी मोडली त्या दिशीच आलाता."

आतोबांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "चला, गाडी लागली आसंल."

मी स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेले, उगीचच. तेरची गाडी अर्धी रिकामी होती. शालू चढली, मधल्या एका बाकावर खिडकीशी बसली. आतोबा सवयीनं दांडीला धरून उभे राहिले. तिनं शेजारची जागा हातानं झटकली. ते बसले, मग काहीतरी आठवून उठले, तिला डाव्या अंगाला सरकवलं, आणि तिच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन बसले. गाडी हलली तेव्हा ते तिला काहीतरी सांगत होते. मी हापिसात परतले. जिन्यावर एक जोडपं वाट पाहत उभं होतं.